काळा गोटा चुंबकाला का चिकटत नाही?

"सर, आपल्याकडं एवढा मॅगनीज हाये, मंग मॅग्नेट चीनमधून काऊन आणतेत?"

अकरावीच्या वर्गात एका पोराने हे विचारलं आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होतो. तास संपवून तुमसर रोडकडे निघालो तर फाटक लागलेलं. तिरोडीच्या खाणींकडून मँगनीजच्या काळ्या दगडाने भरलेली मालगाडी समोरून डुलत डुलत गेली. ती जाईस्तोवर माझं हसू ओसरलं होतं. प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता. त्याचं नीट उत्तर द्यायला भौतिकशास्त्राला शंभर वर्षं लागली आहेत, आणि ते उत्तर अजून पुरतं झालेलं नाही.

चुंबकाची बातमी बहुतेकांनी वाचली असेल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींचं उत्पादन जगभर अडखळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबक देशातच तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पेपरात एवढं सगळं येतं. पण एखादा पदार्थ चुंबक का होतो आणि त्याच्या शेजारचा का होत नाही, हे पेपरवाले सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा खिशात तीन काळे गोटे आणि जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक घेऊन आला. दोन गोटे डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीकडचे होते, तिसरा रामटेकजवळच्या बेलडोंगरीकडचा, मामाच्या गावाहून आणलेला. पहिले दोन चुंबकाला ढिम्म. तिसरा टक्कन चिकटला.

"हा चिकटते, हे नाही चिकटत. काऊन जी?"

हा सगळा लेख त्या तीन गोट्यांवरच आहे.

## आधी नावाचा घोळ

मॅग्नेट, मँगनीज आणि मॅग्नेशियम हे तिन्ही शब्द ग्रीसकडच्या मॅग्नेशिया या एकाच नावावरून आले आहेत. नावापुरते ते भाऊबंद आहेत, गुणाने नाहीत. आपल्याकडचा मँगनीज बहुतांश पोलाद कारखान्यांत जातो. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत, म्हणजे टॉर्चच्या सेलमध्येही जातो. चुंबक म्हणून तो कुठेच जात नाही.

पण पोराचा अंदाज एका अर्थाने बरोबर होता. मँगनीजचा सुटा अणू हा लोखंडाच्या अणूइतकाच, किंबहुना त्याहून जास्त तगडा चुंबक असतो.

## एस.टी.तली बाकं

चुंबकत्वाचं मूळ इलेक्ट्रॉनमध्ये आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. स्पिनची तोंडं दोनच दिशांना असू शकतात, वर किंवा खाली. एक वर आणि एक खाली अशी जोडी जमली की दोघांचा परिणाम मिटतो. बहुतेक पदार्थांत सगळ्या जोड्या जमलेल्या असतात. म्हणून लाकूड, मीठ, तांब्याचा गडवा यांना चुंबक ओढत नाही.

आता भंडाऱ्याची एस.टी. डोळ्यांसमोर आणा. दोन-दोन जणांची बाकं आहेत आणि अनोळखी प्रवासी चढताहेत. जो तो आधी रिकाम्या बाकाची खिडकी धरतो. बाकं संपल्याशिवाय कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. मँगनीजच्या अणूतही बाहेरच्या भागात अशी पाच बाकं आहेत आणि प्रवासीही बरोबर पाचच. पाचही जण वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि पाचही स्पिनची तोंडं एकाच दिशेला असतात. याचं कारण शिस्त नव्हे, एकमेकांचा कंटाळा. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन निसर्गनियमानेच एकमेकांपासून लांब राहतात, त्यामुळे त्यांच्यातली ढकलाढकली कमी होते. पाच बाकांवर पाच प्रवासी, एकाचीही जोडी नाही, यापेक्षा जास्त चुंबकत्व या बाकांवर मावत नाही.

आकड्यांत सांगायचं तर, लोखंडाच्या तुकड्यात दर अणूमागे सरासरी २.२ एकक चुंबकत्व असतं. मँगनीज मोनॉक्साइड या साध्या संयुगात मँगनीजच्या दर अणूमागे ते जवळपास ५ असतं, म्हणजे दुपटीहून जास्त.

## मग गोटा मक्ख का?

अणू तगडा असला म्हणून पदार्थ तगडा होत नाही. दोन धिप्पाड बैल एकाच बंडीला जुंपा, पण एकाचं तोंड तुमसरकडे आणि दुसऱ्याचं भंडाऱ्याकडे करा. जोर दोघेही लावतील, बंडी जागची हलणार नाही.

मँगनीज मोनॉक्साइडमध्ये हेच घडतं, आणि ते घडवून आणतो मधला ऑक्सिजन. दोन मँगनीज अणूंच्या मधोमध एक ऑक्सिजन बसलेला असतो. त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनची एक जोडी आहे, एक वर-स्पिनचा आणि एक खाली-स्पिनचा. समजा डावीकडच्या मँगनीजच्या पाचही बाकांवर वर-स्पिनवाले बसले आहेत. एका बाकावर सारख्या स्पिनचे दोघे बसूच शकत नाहीत, हा निसर्गाचा न मोडणारा नियम. म्हणून ऑक्सिजनचा खाली-स्पिनवालाच तेवढा डावीकडे थोडा झुकू शकतो. उरला वर-स्पिनवाला. त्याला उजवीकडे झुकायचं असेल, तर उजवीकडच्या मँगनीजच्या बाकांवर खाली-स्पिनवाले बसलेले हवेत. असं दोन्हीकडे झुकता आलं की ऊर्जा वाचते. म्हणून डावा वर तर उजवा खाली, त्याच्या पुढचा पुन्हा वर. एकाआड एक अशा उलट मांडणीला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. नाव बोजड आहे, आपण आपलं 'उलटी बैलजोडी' म्हणू.

ही मांडणी असावी असा तर्क लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडला. त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बेरीज शून्य असलेली गोष्ट दाखवणार कशी? १९४९ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी न्यूट्रॉनचा झोत मारून ती प्रत्यक्ष पाहिली. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो पण स्पिन असतो, त्यामुळे कुठल्या अणूचं तोंड कुठे आहे हे त्याला कळतं. आणि शल यांनी पहिल्या पुराव्यासाठी निवडलेला पदार्थ कोणता? मँगनीज मोनॉक्साइड. आपल्या काळ्या गोट्याचा सख्खा चुलतभाऊ. नील यांना १९७० मध्ये आणि शल यांना १९९४ मध्ये नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही उलटी मांडणी उणे १५५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्याखालीच टिकते. आपल्याकडच्या मे महिन्यात काय, डिसेंबरच्या पहाटेसुद्धा उष्णतेने सगळी तोंडं अस्ताव्यस्त झालेली असतात. म्हणजे डोंगरीचा गोटा वर्गात चिकटला नाही तो या अस्ताव्यस्तपणामुळे. गोठवला असता तर उलट्या बैलजोडीमुळे चिकटला नसता. दोन्हीकडून त्याची पंचाईतच आहे.

बॅटरीत जाणाऱ्या डायऑक्साइडची तऱ्हा आणखी गमतीदार. त्याच्या शुद्ध स्फटिकात, उणे १८१ अंशांच्या खाली, शेजाऱ्यांची तोंडं सरळ उलटीही नसतात. एकाची दिशा थोडी वळलेली, पुढच्याची आणखी थोडी, अशी ती मळसूत्रासारखी फिरत जातात. अशी मांडणी असू शकते हे अकिओ योशिमोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये गणिताने दाखवलं. तोवर अशा पीळदार चुंबकत्वाची कल्पना फारशी कोणी केली नव्हती. टॉर्चमधला सेल उघडून काळी पूड बोटांना लागली तर हे आठवून पाहा.

## आणि तो चिकटणारा?

बेलडोंगरीचा गोटा वेगळ्या जातीचा. भूवैज्ञानिक लुईस फर्मर यांनी भारतातल्या मँगनीज साठ्यांवर १९०९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. या भागातल्या एका चुंबकीय मँगनीज खनिजाला त्यांनी व्रेडेनबर्ग या आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून व्रेडेनबर्गाइट हे नाव दिलं. त्याच्या पोटात मँगनीजबरोबर लोखंडही असतं. तिथेही तोंडं उलटसुलटच असतात, पण दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. एका बाजूला कसलेला बैल, दुसऱ्या बाजूला गोऱ्हा. वजाबाकी केल्यावर काहीतरी उरतं, आणि उरतं तेच चुंबकाला टक्कन चिकटतं.

म्हणजे तिन्ही गोट्यांत मँगनीज आहे, बदलले ते शेजारी. जर्मनीच्या फ्रीडरिश ह्यूस्लर यांनी १९०३ च्या सुमारास हेच दुसऱ्या टोकाने दाखवलं होतं. तांबं, मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियम, तिघांपैकी एकही चुंबक नाही, पण ठरावीक प्रमाणात वितळवून एकत्र केले की मिश्रधातू लोखंडासारखा ओढला जातो. मँगनीजचे अणू एकमेकांपासून योग्य अंतरावर बसले की त्यांची तोंडं एकीकडे वळतात. माझ्या वर्गात या एका वाक्यावर पोरं जितकी चकित होतात तितकी कृष्णविवरांवरही होत नाहीत.

मग साहजिक पुढचा प्रश्न येतो. कोणाच्या शेजारी कोण बसवला तर तोंडं कुठे वळतील, हे आधीच गणिताने सांगता येईल का? पदार्थांच्या विद्युत आणि चुंबकीय गुणधर्मांचा सैद्धांतिक अभ्यास म्हणतात तो हाच. भट्टी नाही, खाण नाही. समीकरणं, कॉम्प्युटर आणि पुष्कळ धीर.

## समीकरण ठाऊक आहे, सुटत नाही

इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण १९२६ पासून आपल्याजवळ आहे. पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलं की बहुतेक सगळ्या रसायनशास्त्राला लागणारे नियम आता कळलेले आहेत, अडचण एवढीच की ती समीकरणं सोडवता येत नाहीत इतकी गुंतागुंतीची आहेत.

गुंता किती? लोखंडाच्या एकाच अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे लागतात, म्हणजे एकूण ७८. समजा अगदी ढोबळपणे, प्रत्येक आकड्यासाठी दहाच जागा धरल्या. कोण कुठे असताना शक्यता किती, याचं पूर्ण पत्रक भरायचं तर १ वर ७८ शून्यं इतके रकाने लागतील. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंचा अंदाज १ वर ८० शून्यं इतका सांगतात. म्हणजे विश्वातल्या दर शंभर अणूंमागे एक रकाना, आणि हे सगळं लोखंडाच्या एका अणूसाठी. तलाठ्याच्या दप्तराला नावं ठेवताना हे आठवावं.

कॉम्प्युटर दुप्पट वेगाचा आणला तरी काही साधत नाही. एक इलेक्ट्रॉन वाढला की पत्रक हजारपट होतं.

## बाजारातली गर्दी

या गुंत्यातून वाट काढली ती वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६४ आणि १९६५ मधल्या दोन शोधनिबंधांत. त्यांच्या पद्धतीचं नाव डेन्सिटी फंक्शनल थिअरी, बोलताना डीएफटी. कोन यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते भौतिकशास्त्राचं नव्हे तर रसायनशास्त्राचं.

कल्पना अशी. आठवडी बाजारात कोणता माणूस कुठे उभा आहे, कोणाला बघून कोण सरकला, याची यादी करत बसू नका. वरून फक्त एवढंच बघा, की कुठे किती गर्दी आहे. जिथे गर्दी टोकदार वाढलेली आहे तिथे दुकान आहे. किती टोकदार आहे यावरून दुकान भज्यांचं की बियाण्यांचं हे ओळखता येतं. गर्दीच्या नकाशावरून दुकानं कळली, आणि दुकानं कळली की सगळा बाजार कळला. इलेक्ट्रॉनच्या गर्दीचं अगदी असंच आहे. कोन आणि पिएर होहेनबर्ग यांनी सिद्ध केलं की ही गर्दी, म्हणजे घनता, अचूक ठाऊक असेल तर पदार्थाच्या मूळ स्थितीबद्दल जे जे कळण्यासारखं आहे ते सगळं त्यातच आहे. ७८ आकड्यांऐवजी तीनच उरले. १ वर ७८ शून्यांच्या जागी आपल्या ढोबळ हिशेबात हजार रकाने.

इतकं स्वस्त? नाही. यात एक मेख आहे.

## पैसेवारीचा घोळ

गर्दीवरून ऊर्जा काढायचं सूत्र नक्की आहे, हे सिद्ध झालं. ते सूत्र काय आहे, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. त्यातला एक लहानसा पण कळीचा भाग अंदाजानेच भरावा लागतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत कसे वावरतात, तो हा भाग.

अंदाज कसा करतात ते समजायला विदर्भातल्या माणसाला लांब जायला नको. पैसेवारी आपल्या रोजच्या बोलण्यातली. गावात काही शेतं निवडायची, पीक कापून मोजायचं, त्यावरून गावाचा आकडा ठरवायचा. सगळी शेतं साधारण सारखी असतील तर आकडा बरोबर येतो. पण निम्म्या गावात कालव्याचं पाणी आणि निम्म्या गावात कोरडवाहू, तर सरासरी कोणाचीच नसते. आकडा ५० पैशांच्या वर गेला की कोरडवाहूवाल्याचं मरण.

डीएफटीतला पहिला अंदाज असाच होता. प्रत्येक ठिकाणी गर्दी जणू एकसारखी पसरलेली आहे असं धरायचं. ही झाली नजरअंदाज पैसेवारी. पुढे १९९० च्या दशकात, गर्दी शेजारी वाढतेय की घटतेय हेही धरून सूत्रं आली. ही सुधारित. अंतिम पैसेवारी अजून जाहीर व्हायची आहे.

तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन यांत इलेक्ट्रॉन मोकळे पसरलेले असतात, तिथे हे अंदाज छान चालतात. अणूंमधलं अंतर शेकड्याला एकदोनच्या फरकाने बरोबर येतं. घोळ होतो तो मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या ऑक्साइडांत. तिथले इलेक्ट्रॉन धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखे आपापल्या धुऱ्यात, म्हणजे बांधाच्या आत, अडलेले असतात. शेजारच्या बांधीत उडी मारायची तर तिथे आधीच कोणी बसलेला, आणि दोघांना एकत्र बसायची ऊर्जेची किंमत फार मोठी. म्हणून कोणी हलत नाही. वीज वाहत नाही. पदार्थ विद्युतरोधक राहतो.

सरासरीवाल्या सूत्राला हे धुरे दिसत नाहीत. त्याच्या हिशेबाने आयर्न ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइड हे तांब्यासारखे वीज वाहून नेणारे धातू ठरतात. प्रत्यक्षात ते रोधक आहेत. हा पेच १९३७ मध्येच डी बोअर आणि फेरवे यांनी निकेल ऑक्साइडवर बोट ठेवून दाखवला होता, आणि नेव्हिल मॉट यांनी त्याचं कारण इलेक्ट्रॉनच्या आपसातल्या ढकलाढकलीत शोधलं होतं. शोधनिबंधांत 'गुंतागुंतीचे पदार्थ' म्हणतात ते हे. बघायला अगदी साधे असतात, दोन मूलद्रव्यांचे, गंजासारखे.

इलाज म्हणून १९९१ च्या सुमारास व्लादिमिर अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी सूत्रात एक जादा पद घातलं. एकाच अणूवर, या पाच बाकांवर एक जादा प्रवासी चढला तर दंड किती, हा आकडा त्यात वेगळा द्यायचा. जॉन हबर्ड यांच्या आधीच्या कामावरून या दंडाला 'यू' म्हणतात. यू घातला की धुरे उभे राहतात आणि रोधक पुन्हा रोधक होतो.

## "म्हणजे मनाचाच आकडा घातला न?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि या क्षेत्रातले लोक आपसात यावरच सर्वात जास्त भांडतात. यू काढण्याच्याही गणिती पद्धती आहेत, पण पद्धत बदलली की आकडा थोडा बदलतो. डायनॅमिकल मीन-फील्ड थिअरी ही आणखी खोलवरची पद्धत इलेक्ट्रॉनची वेळोवेळची ये-जाही धरते. ती जास्त खरी आहे आणि कितीतरी महाग. चांगला अभ्यासक कोणत्या पदार्थाला कोणतं सूत्र लावायचं हे अनुभवाने ठरवतो. माझ्या मते हे जमिनीची प्रत ओळखण्यासारखं आहे. सातबाऱ्यावर ती लिहिलेली असते, पण नांगर धरणाऱ्याला जास्त कळते.

## "इतकी फसवाफसवी आहे, तर थेट बनवूनच का पाहू नये?"

बनवतातच. पण किती बनवणार? हाताळण्याजोगी ८० मूलद्रव्यं धरली आणि त्यांतली कोणतीही तीन निवडली, तर ८२,१६० तिकड्या होतात. प्रत्येक तिकडीचं प्रमाण वेगळं, भट्टीचं तापमान वेगळं. जन्म पुरणार नाही. हिशेबाने त्यातल्या शेकडो आधीच बाजूला काढता येतात, आणि उरलेल्यांवर भट्टी पेटवता येते.

शिवाय काही वेळा हिशेब आधी आला आहे आणि वस्तू मागून. १९८३ मध्ये नेदरलँडच्या डी ग्रूट आणि सहकाऱ्यांनी निकेल, मँगनीज आणि अँटिमनीच्या मिश्रणाचा हिशेब केला तर विचित्र उत्तर आलं. वर-स्पिनच्या इलेक्ट्रॉनना हा पदार्थ धातू आहे, खाली-स्पिनवाल्यांना रोधक. एकाच रस्त्यावर एका पक्षाच्या मिरवणुकीला परवानगी आणि दुसऱ्याला जमावबंदी! पुढच्या मोजमापांत स्फटिकाच्या आतल्या भागासाठी याला दुजोरा मिळाला, पृष्ठभागापाशी मात्र घोळ राहिला. तसंच २०१४ मध्ये गंधक आणि हायड्रोजनच्या एका संयुगाबद्दल हिशेब सांगत होता, की प्रचंड दाबाखाली ते बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होईल, म्हणजे विजेला शून्य विरोध करील. २०१५ मध्ये ते उणे ७० अंशांला सापडलं.

उलटही होतं. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या एलके-९९ या दगडाची जगभर हवा झाली. म्हणे साध्या खोलीच्या तापमानाला अतिवाहक! आठवड्याभरात काही डीएफटी हिशेब आले, त्यांत अतिवाहकतेला पोषक वाटणारी लक्षणं दिसली आणि लोक नाचायला लागले. हिशेब करणाऱ्यांनी फक्त लक्षण सांगितलं होतं, निदान नव्हे. ऑगस्टमध्ये कळलं की नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे तो आभास झाला होता. शुद्ध स्फटिक चक्क रोधक निघाला.

## तर मॅग्नेट चीनमधून काऊन?

आता मूळ प्रश्न. मोटारीतल्या चुंबकाची कृती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधली. निओडिमियमचे दोन, लोखंडाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू. चुंबकत्वाची ताकद बहुतेक सगळी लोखंडाची आहे. निओडिमियमचं काम खुंट्याचं, लोखंडाची तोंडं वळली की ती सुटू द्यायची नाहीत. ही खुंटी नसेल तर पदार्थ आज चुंबक आणि उद्या साधा तुकडा. मोटार तापली की हीच खुंटी ढिली पडते, म्हणून त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम मिसळतात. चीनच्या त्या सात मूलद्रव्यांत ही दोन्ही आहेत.

मँगनीजची खुंटी बनते का? बनते, पण कच्ची. मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक चुंबकीय प्रकार, तसाच मँगनीज आणि बिस्मथचा, अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. दोन्हींत दुर्मिळ मृदा लागत नाही. ताकद निओडिमियमवाल्याहून बरीच कमी आहे. अ‍ॅल्युमिनियमवाला प्रकार मुळात टिकाऊ नाही. जास्त तापवला तर त्याची रचना मोडते आणि चुंबकत्व जातं. यात तिसरं कोणतं मूलद्रव्य चिमूटभर टाकलं तर रचना टिकेल, याचे हिशेब जगभर चालू आहेत. आणि हे सगळं शुद्ध धातूंचं झालं. खाणीतल्या ऑक्साइडपासून तिथवर यायला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो, तो खर्च वेगळाच.

पोराला एवढं सांगितलं. त्याचं समाधान अर्धंच झालं. "कॉम्प्युटरवर दाखवा न जी."

## प्रयोगशाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर

हे करता येतं. क्वांटम एस्प्रेसो नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, लिनक्सवर चालतं, आणि छोट्या स्फटिकाला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. मँगनीज मोनॉक्साइडचा उलट्या बैलजोडीचा सर्वात लहान तुकडा चार अणूंचा आहे, दोन मँगनीज आणि दोन ऑक्सिजन. त्याचा हिशेब आम्ही एका शनिवारी लावला. लाइट दोनदा गेली.

पाहायचा होता एक आकडा. इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवून वाहतं करायला लागणारी ऊर्जा. प्रयोगात ती चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास मोजली गेली आहे. एकक काहीही असो, चार लक्षात ठेवा. 'सुधारित पैसेवारी'ने आकडा आला जेमतेम एकच्या आसपास.

"सर, कॉम्प्युटर नापास."

मग यू घातला, तर आकडा दोनच्या आसपास गेला. पोराचे डोळे चमकले. फळ्यावर चार लिहिलेलं होतंच.

"अजून वाढवा न यू. चार येऊ द्या."

वाढवता येतो. पण धुरा जितका उंच, तितका ऑक्सिजनमार्फत होणारा झुकाव अवघड, आणि त्या झुकावावरच तर शेजाऱ्यांची उलटी मांडणी टिकलेली आहे. यू ताणून ताणून पहिला आकडा जुळवायला गेलं की ती बांधिलकी ढिली पडते, आणि उणे १५५ अंशांचा दुसरा आकडा हातचा जातो. तो आकडाही मी फळ्यावर चारच्या खाली लिहिला. पोराने बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि यूचा आकडा स्वतःच पाव-पावने बदलायला बसला.